मेंढीकोटवाल्या आत्याचा बारा नंबर

नमस्कार मंडळी. आज पत्त्यांविषयी बोलायचंय. पत्ते म्हटलं की काही घरांत अजून भुवया वर जातात, माहितीय मला, पण यात पैसा लावायचा नाहीये, फक्त हाव लावायची आहे. ती सगळ्यांकडे असतेच.

गणपतीत आम्ही गावी जमतो, कोकणात. लहानमोठी धरून 14-15 माणसं, आणि आरती, जेवणं झाली की दरवर्षी तोच घोळ. मेंढीकोट म्हणजे दश्श्या पकडायचा खेळ, त्याला चार जण लागतात, बाकीच्यांनी काय करायचं? झब्बूला पोरं कंटाळतात, रमी खेळायला बसलं की दोन तास कोणी उठत नाही आणि बाकीचे मोबाईल घेऊन कोपऱ्यात. यंदा माझ्या चुलतभावाची मुलगी आली होती अमेरिकेहून, तिने पिशवीतून एक छोटासा डबा काढला आणि म्हणाली, काकू, सगळे खेळू शकतात, शिकायला दोन मिनिटं. मी म्हटलं, असं सगळेच म्हणतात गं.

पण खरंच दोनच मिनिटं लागली. खेळाचं नाव फ्लिप सेव्हन. अमेरिकेतलाच आहे, एरिक ओल्सेन नावाच्या माणसाने बनवलेला, 2024 साली बाजारात आला आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत 'वर्षातला उत्तम खेळ' म्हणून जे मोठं बक्षीस देतात, 1979 पासून देतायत, त्याच्या शेवटच्या तिनात पोचला. मिळालं नाही बक्षीस, ते दुसऱ्याला गेलं. असो.

खेळायचं कसं, तर पिसणारा प्रत्येकासमोर एकेक पान उघडं टाकतो. मग पुन्हा पहिल्यापासून एकेकाला विचारायचं, हवं का अजून? हवं म्हटलं की पान मिळतं, बास म्हटलं की समोरच्या पानांवरचे आकडे मिळवायचे, ते तुमचे पॉइंट, त्या डावापुरते तुम्ही सुटलात. पण जो आकडा तुमच्यासमोर आधीच पडलाय तोच परत आला की बाद! त्या डावाचे सगळे पॉइंट गेले, शून्य. आणि सात वेगवेगळे आकडे जमवलेत तर वर 15 पॉइंट बोनस आणि डाव तिथल्या तिथे खलास. असे डाव खेळत कोणीतरी 200 गाठले की तो डाव पुरा करायचा आणि ज्याचे जास्त तो जिंकला. झालं. तीन माणसांपासून पुढे कितीही, आणि कोणाला आपल्या पाळीची वाट बघत ताटकळावं लागत नाही, त्यात दुसरा बाद होताना बघायची मजा स्वतःच्या पाळीपेक्षा जास्त.

आता यातली खरी गंमत सांगते, ती पानांच्या संख्येत आहे. 12 आकड्याची पानं 12 आहेत, 11 ची 11, 10 ची 10, असं करत 2 ची दोन आणि 1 चं एकच. शून्याचंही एक. म्हणजे ज्या पानाला जास्त पॉइंट तेच पान परत यायची भीती सगळ्यात जास्त. समजा डावाच्या सुरुवातीलाच तुमच्यासमोर 12, 11, 10 पडले, 33 पॉइंट, छान वाटतं ना? पण कॅटमध्ये एकूण पानं 94 (आकड्यांची 79, बाकीची पुढे सांगते), उरली 91, त्यात तुम्हाला बाद करणारी 30. तीनात एक! उलट 1, 2, 3 आलीत तर सगळे मिळून 6 पॉइंट, हसतात लोक, पण बाद करणारी पानं फक्त तीन, तुम्ही बिनधास्त मागत राहा. शून्याचं पान तर पॉइंट काहीच देत नाही पण सातात धरतात. मला ते फार आवडलं, शून्यालाही किंमत.

शिवाय नऊ खोडकर पानं आहेत, तीन प्रकार, प्रत्येकी तीन. एक आलं की तुम्ही कोणालाही गोठवू शकता, म्हणजे त्याने आहेत ते पॉइंट घ्यायचे आणि गप बसायचं. दुसरं आलं की कोणालाही एकामागून एक तीन पानं घ्यायला लावायची. तिसरं जीवदान, आकडा परत आला तर तो परत आलेला आकडा आणि हे जीवदानाचं पान, दोन्ही टाकायचे आणि तुम्ही वाचलात. (अधिक 2, अधिक 10 अशी आणि दुप्पट करणारं अशी सहा पानंही असतात, ती कळतातच.) आमच्या भाच्याने पहिल्याच डावात मोठ्या ऐटीत काकांना गोठवलं, काकांसमोर 12, 11, 9 होते आणि ते घाबरून बास म्हणायच्या बेतातच होते. अरे, त्यांना 32 पॉइंट घरपोच दिलेस की! ज्याच्यासमोर किरकोळ पानं आहेत त्याला गोठवायचं, भारी पानंवाल्याला तीन घ्यायला लावायची, हे त्याला चौथ्या डावात कळलं.

आणि आमची आत्या. वय 78, जन्म मेंढीकोटमध्ये गेलेला, कुठली दश्शी उतरली आणि कुठली कोणाच्या हातात आहे हे तिला झोपेतही सांगता येईल. ती दोन डाव नुसती बघत होती, मग म्हणाली, ही टाकलेली पानं परत पिसत नाही का गं? नाही आजी, कॅट संपेपर्यंत तशीच बाजूला. बरं, म्हणाली आणि सरकून पुढे बसली. पाचव्या डावात तिच्यासमोर 12 आलं, सगळे ओरडतायत आत्या बास कर, बास कर, तर ही म्हणते, बाराची दहा पानं उतरलीत, अकरावं माझ्यासमोर, एकच राहिलंय, टाक पान. आम्हाला वाटत होतं नशिबाचा खेळ आहे! नशीब आहेच, पण उतरलेल्या पानांचा हिशोब ठेवणाऱ्याकडे ते जरा जास्त वेळा बघतं. त्या डावात आत्या बाद झाली ती मात्र चौकीने, त्या बाराने नव्हे, आणि ते तिने चहा होईपर्यंत चार वेळा सांगितलं.

तर डबा विकत घ्यायलाच हवा असं नाही. पत्त्यांचे तीन साधे कॅट घ्या. राण्या बरोब्बर 12 भरतात, ते झाले 12. गुलामांतला एक काढा, उरले 11. मग दश्श्या 10, नव्व्या 9, असं खाली दुर्रीपर्यंत मोजून, एक्का एकच. शून्याला इस्पिकचा एक राजा, बाकीचे दोन इस्पिक राजे बाजूला. बदामचे तीन राजे जीवदान, चौकटचे तीन गोठवायला, किलवरचे तीन म्हणजे तीन पानं घ्या. अधिकवाली पानं नसली तरी काही अडत नाही.

फक्त तिन्ही कॅटची पाठ एकसारखी हवी बरं का. पाहुणी डबा घेऊन परत गेल्यावर आम्ही घाईत दोन लाल आणि एक निळा घेतला, मला वाटलं काय फरक पडतो, तर त्यात शून्यावाला राजा नेमका निळा आला, आणि भाचा वरचं पान लाल दिसलं की बास आणि निळं दिसलं की टाक, टाक, टाक!