दार किलकिलं करणारा आवाज

पार्किन्सनच्या रुग्णाला मेंदूतलं डोपामिन हे रसायन कमी पडतं, हे इथल्या बऱ्याच जणांना माहीत असेल. मग डॉक्टर डोपामिनचीच गोळी का देत नाहीत? देतात ती लेव्होडोपाची. कारण डोपामिन रक्तातून मेंदूत शिरतच नाही, लेव्होडोपा शिरतं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बहुतेक औषधं दाराशीच अडतात. १८८५ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिक यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला, तर बाकीचे अवयव रंगले, मेंदू मात्र कोरा राहिला. त्यांना वाटलं, मेंदूला रंगाचं वावडंच असावं! मोठी माणसंही चुकतात.

हे दार उघडायला आता सोनोग्राफीच्याच जातीच्या ध्वनिलहरी वापरतात. शिरेतून बारीक बुडबुडे सोडायचे. चरबीच्या पातळ पापुद्र्यात वायू भरलेले, तांबड्या पेशीहूनही लहान. बाहेरून लहरी एका बिंदूवर आणल्या की तिथले बुडबुडे फुगतात, आक्रसतात, पुन्हा फुगतात. त्या धडधडीने केशवाहिनीच्या भिंतीतले सांधे सैल होतात. तेवढ्यात औषध आत.

ऐकायला सोपं. खरी पंचाईत कवटीची. ती कुठे जाड, कुठे पातळ. प्रत्येक जागी लहर वेगळी अडखळते आणि नेम विखुरतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत विल्यम आणि फ्रँक फ्राय या भावांनी कवटीचा तुकडा काढूनच लहरी आत पाठवल्या होत्या. आज रुग्णाचा आधी सीटी स्कॅन काढतात. हाडाची जाडी ठिकठिकाणी मोजून, लहरी सोडणारे १,०२४ स्फटिक बसवलेल्या शिरस्त्राणातल्या प्रत्येकाला सांगतात, तू एवढा उशिरा, तू एवढा लवकर. म्हणजे सगळ्या लहरी एकाच वेळी बिंदूवर पोचतात. डोक्याचा गोटा केलेला, मध्ये गार पाणी, आणि रुग्ण एमआरआयच्या बोगद्यात जागा. माझ्या मते यातला खरा नायक ध्वनी नव्हे, सीटी-एमआरआयचं चित्र आहे. चित्राशिवाय हा सगळा अंधारातला दगड.

२०१५ मध्ये टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयात मेंदूत गाठ असलेल्या रुग्णावर हे पहिल्यांदा शस्त्रक्रियेविना केलं. २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियातले मेंदूचे सर्जन अली रेझाई यांच्या गटाने अल्झायमरच्या तीन रुग्णांचे निकाल छापले: अ‍ॅड्युकॅनुमॅब हे औषध मेंदूच्या दोन्ही बाजूंना पोचत होतं, पण दार उघडलेल्या भागात अमायलॉइड, म्हणजे या आजारात मेंदूत साचणारं प्रथिन, सरासरी ३२ टक्के जास्त घटलं. तीनच माणसं, हे विसरू नका. अमायलॉइड घटलं म्हणजे आठवण परत आली, असंही नव्हे.

‘दार उघडंच राहिलं तर?’ असं मघाशी कुणीतरी विचारलं. रास्त भीती आहे. म्हणून उपचार झाल्या झाल्या गॅडोलिनियम, म्हणजे एमआरआयमध्ये चमकणारं द्रव्य, शिरेतून देऊन चित्र घेतात. दार उघडलं असेल तिथे पांढरा ठिपका चमकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच गॅडोलिनियम, तेच चित्र. आणि त्या जागी ठिपका नसतो.