खार फुटलेली जमीन

(दृश्य: भेगाळलेलं खाचर, दूरवर खाडी)

मे महिना, भर दुपार. पेण आणि अलिबागच्या मधलं खारेपाट. खाचरातल्या ढेकळांवर पांढुरकी साय धरलीय. लांबून वाटावं, कुणी राख फेकलीय. हे मीठ. इथले लोक म्हणतात, "खार फुटलाय."

खाडीला बांध घालून मिळवलेली ही शेतं. बांधाला उघाडी, म्हणजे झापांचं दार असतं. भरतीला त्याची झापं पाण्याच्या रेट्यानं मिटतात, ओहोटीला उघडतात आणि पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. पण बांधाला खांड पडली, की समुद्र थेट खाचरात. पुढची काही वर्षं मग भाताचं नाव काढायचं नाही.

(दृश्य: फावड्यानं खड्डा खणणारे हात)

तपासणीसाठी माती घ्यायची ती इंग्रजी 'व्ही'च्या आकाराचा खड्डा करून, वीतभर खोलीपर्यंतची. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणची. बांधालगतची नको, शेणखताच्या ढिगाजवळची नको. सगळी कालवून चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. आणि हो, माती खताच्या रिकाम्या गोणीवर पसरू नका. नाहीतर तपासणी गोणीचीच व्हायची!

प्रयोगशाळेत विद्युत वाहकता मोजतात; मीठ जास्त, तितकी ती जास्त. आकडा मीटरला 4 डेसिसायमनच्या वर गेला, की जमीन क्षारयुक्त.

(दृश्य: तेच खाचर, जुलैचा पाऊस)

पण हा आकडा कधीचा? उन्हाळ्यात जमिनीखालचं खारं पाणी वर चढतं, पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. जुलैत चार दणदणीत सरी झाल्या, की त्याच खाचराचा आकडा उतरतो. दोन्ही आकडे खरेच. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात, क्षारता त्यातलीच एक. आमचं म्हणणं एवढंच, की आकड्याआधी नमुन्याची तारीख वाचा.

कारण भाताचंही वेळापत्रक आहे. रोप कोवळं असताना त्याला खारेपणा सोसत नाही. मधे फुटवे येताना ते बरंच सोसतं. फुलोऱ्यात पुन्हा नाजूक होतं. म्हणून खरी परीक्षा दोनदा: लावणीला, आणि पुढे फुलोऱ्याच्या तोंडावर पावसानं ओढ दिली तर तेव्हा.

दक्षिण कोकणातल्या जांभ्याच्या मातीची गोष्ट वेगळी. ती आम्ल. मात्र खाचरात पाणी तुंबलं, की काही आठवड्यांत तिचा सामू (पीएच) आपणहून वर सरकतो, म्हणजे आम्लपणा उतरतो. कोरड्या मातीचा सामू बघून चुन्याची पोती आणायला धावू नये ते यासाठी. पाण्यावर तांबूस तवंग दिसला, तर तो मातीतून सुटलेल्या लोहाचा. तिथे एकदा पाणी काढून द्यावं.

(दृश्य: उघाडीतून खाडीकडे जाणारं पाणी)

खारेपाटात पूर्वापार काळा राता, भुरा राता हे खार सोसणारे भात. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रातून 'पनवेल 1', 'पनवेल 2' अशा जाती आल्या. बियाणं बदललं, तरी लावणीआधी खाचरातलं पाणी बोटानं जिभेवर टेकवून बघणारे अजून आहेत. खारट लागलं, तर ते पाणी उघाडीवाटे सोडून देतात.

आणि पुढच्या सरीची वाट बघतात.