आंबील ओढा: माथ्यापासून मुठेपर्यंत

हा पुण्याच्या दक्षिणेचा कात्रजचा डोंगर. वर गवत, त्याखाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. पावसाचं पाणी गवतात अडखळतं, मुरमात मुरतं आणि सावकाश खाली उतरतं. इथं उगम पावणारा आंबील ओढा धनकवडी, पद्मावती, सहकारनगर, दांडेकर पूल अशी वाट काढत दत्तवाडीजवळ मुठा नदीला मिळतो.

अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला बांध घालून हे पाणी अडवलं. गाळ तळाशी बसू द्यायचा आणि वरचं निवळ पाणी भुयारी नळात सोडायचं. तिथून पुढं सगळी भिस्त उतारावर. हा बांधीव मनोरा दिसतोय ना, तो उच्छ्वास. नळातली हवा इथून बाहेर पडायची. माणूसही इथून आत उतरून गाळ काढायचा. नळाचं पाणी शनिवारवाड्यात जायचं, तसंच काळा हौद, फडके हौद अशा पेठांमधल्या हौदांतही.

त्याच काळात वाढत्या वस्तीसाठी ओढ्याचं पात्रही पर्वतीच्या बाजूला वळवलं गेलं. म्हणजे ओढ्याच्या जागेवर पेठ वसवायची खोड पुण्याला जुनीच. मात्र तेव्हा निदान पाण्याला दुसरी वाट काढून दिली होती.

आता हा उतार पाहा. मुरूम उकरून सपाट केलेले प्लॉट, त्यावर पत्रे, सिमेंटचे रस्ते. इथं पडलेल्या पाण्याला मुरायला जागाच नाही. ते थेट गटारात आणि गटारातून ओढ्यात येतं. खाली ओढा दोन भिंतींमध्ये आवळलेला, मधेमधे पाइप टाकून केलेले पूल, त्यात अडकलेला कचरा.

25 सप्टेंबर 2019. रात्रीच्या काही तासांच्या पावसात ओढा काठावरच्या घरांत शिरला. अरण्येश्वरजवळ भिंत कोसळली. पुणे परिसरात वीसहून जास्त माणसं गेली.

त्यानंतर ओढ्याकाठी या उंच संरक्षक भिंती उभ्या राहू लागल्या. खर्च आणि चर्चा, दोन्ही ओढ्याच्या तळाशीच घुटमळतात. पाणी येतं माथ्यावरून, आणि तिथल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, म्हणजे ती जागा निसर्गासाठी राखीव आहे. तरी हे खोदकाम तुमच्यासमोर आहे.

गावाकडं पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्याकडं चालतं: आधी डोंगरावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), मग नाल्यात बांध. शहरात बांधकामाचा नकाशा सर्व्हे नंबरापुरता पाहिला जातो. त्या प्लॉटवरचं पाणी खाली कुणाच्या दारात जाणार, हे नकाशात येत नाही. आंबील ओढ्याचा आराखडा करायचा तर त्याची हद्द कात्रजच्या माथ्यावरून आखावी लागेल. उतारावरचं खोदकाम थांबवणं, उघड्या मुरमावर पुन्हा गवत आणणं, कात्रजच्या तलावातला गाळ काढणं आणि नव्या इमारतींना छतावरचं पाणी आवारातच जिरवायला लावणं, ही त्यातली पहिली कामं. भिंतींची उंची त्यानंतर ठरवता येईल.