मंधातला भाऊ

[दृश्य : नागपूर. बर्डीचा व्हरायटी चौक, संध्याकाळची गर्दी. कडेला पानठेला.]

एका टॉकीजवरून ज्याचं नाव पडलं, त्या चौकात आम्ही 'चलती का नाम गाडी' या सिनेमातला फोटो घेऊन उभे आहोत. फोटोत तीन भाऊ. पानठेलेवाले काका पानावर चुना फिरवता फिरवता सांगतात, "हे अशोक कुमार. हा किशोर. आन् हा मंधातला..." चुन्याचं बोट हवेतच थांबतं.

मंधातला, म्हणजे मधला, तो अनुप कुमार. मूळ नाव कल्याण कुमार गांगुली, जन्म ९ जानेवारी १९२६, खंडवा. आज खंडवा मध्य प्रदेशात आहे, पण १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच प्रांतातले, आणि राजधानी आपलं नागपूर. वडील कुंजलाल वकील. प्रांताचं हायकोर्ट १९३६ मध्ये नागपुरात सुरू झालं, त्याच वर्षी थोरल्याचा 'अछूत कन्या' आला. अनुप तेव्हा दहा वर्षांचा. १९४३च्या 'किस्मत'नंतर तर थोरला अख्ख्या देशाचा झाला. आणि पाठचा किशोर? त्याच्याबद्दल काय सांगायचं! किशोरचं ते प्रसिद्ध यॉडलिंगही, म्हणजे गळा पलटवत गाणं, म्हणे अनुपजवळच्या परदेशी रेकॉर्डी ऐकून आलं.

[दृश्य : काळ्या-पांढऱ्या चित्रांची मालिका. मोटार गॅरेज, जुनी खटारा गाडी.]

१९५८, 'चलती का नाम गाडी'. दिग्दर्शक सत्येन बोस, संगीत सचिनदेव बर्मन. गॅरेज चालवणारे तीन भाऊ. थोरला जुना बॉक्सर, बाईमाणसाचं नाव काढलं की भडकणारा. धाकट्याच्या वाट्याला मधुबाला आणि पावसातली ती रात्र. मधल्या जग्गूच्या वाट्याला भित्रेपणा.

हा सिनेमा एकदा फक्त अनुपकडे बघत पाहा. किशोर उड्या मारतो, तोंडं करतो, पडदा त्याला पुरत नाही. अशोक कुमार नुसते डोळे वटारतात. या दोघांच्या कचाट्यात अनुप लांबट चेहरा करून, कावराबावरा होऊन बघत राहतो. खडी गंमत, आपल्या विदर्भातलं लोकनाट्य, पाहिलेल्याला हे समजावून सांगायला नको. एक जण बरळतो, दुसरा आ वासून ऐकतो, आणि लोक हसतात ते ऐकणाऱ्याचं तोंड बघून. हे काम सोपं दिसतं. करून बघा.

तीन वर्षांनी 'जंगली' आला. 'याहू'ची आरोळी शम्मी कपूरची, पण शशिकलाचा प्रियकर अनुप. शिवाय त्याच वर्षीचा 'झुमरू', १९६४चा 'काश्मीर की कली'. पोस्टरवर त्याचं नाव मोठं कधी झालं नाही. विनोदी नट म्हणून तो कमी पडला, हे मात्र आम्हाला मान्य नाही.

[दृश्य : तीन भावांचा फोटो, हळूहळू जवळ.]

१३ ऑक्टोबर १९८७. थोरल्याचा शहात्तरावा वाढदिवस. त्याच दिवशी धाकटा गेला. अशोक कुमारांनी त्यानंतर वाढदिवस साजरा केला नाही. अनुप आणखी दहा वर्षं होता, २० सप्टेंबर १९९७ पर्यंत. थोरले त्याच्याही मागे उरले, २००१ पर्यंत.

[दृश्य : पुन्हा पानठेला. दिवे लागलेत.]

काकांनी पान बांधलं, पैसे घेतले, गल्ल्यात टाकले. आम्ही वळलो, तेवढ्यात मागून हाक.

"ओ भाऊ! हा तं जंगलीतला, शशिकलाच्या मांगं लागलेला. आमी लय हासलो होतो ना बावा त्याच्यावर!"