पगारवाढ न मागणारा संप

[दृश्य: रात्रीचे ३३/११ केव्ही उपकेंद्र. यार्डातील दिवे, नियंत्रण कक्षाची उघडी खिडकी.]

३ जानेवारी २०२३ची मध्यरात्र उलटली आणि महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या महाराष्ट्र सरकारच्या तिन्ही वीज कंपन्यांतील कर्मचारी, अभियंते आणि अधिकारी बहात्तर तासांच्या संपावर गेले. एरवी एकमेकांच्या गेटसभेला न फिरकणाऱ्या तीसपेक्षा अधिक संघटना या वेळी एकाच संघर्ष समितीच्या फलकाखाली उभ्या होत्या. लाल बावट्याच्या, भगव्या झेंड्याच्या, काँग्रेसच्या विचाराच्या, तांत्रिक कामगारांच्या आणि अभियंत्यांच्या संघटना त्यात होत्या. आमची एकही आर्थिक मागणी नाही, हे समितीने पहिल्यापासून सांगितले होते. वीज वितरणाचे खासगीकरण करू नये, समांतर परवाना देऊ नये, रिक्त जागा भराव्यात आणि कंत्राटी कामगारांना सेवेत सामावून घ्यावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. सरकारी नोकरांचा संप म्हणजे पगाराचे भांडण असे गृहीत धरणाऱ्या वाचकांना आणि प्रेक्षकांना त्यामुळे हा संप समजून घेणे थोडे अवघड गेले.

[दृश्य: भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण हा पट्टा दाखवणारा नकाशा.]

संपाला निमित्त झाले ते एका अर्जाचे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाच्या कंपनीने महाराष्ट्र वीज नियामक आयोगाकडे समांतर वितरण परवान्याची मागणी केली. अर्जातील क्षेत्र महावितरणच्या भांडुप परिमंडळाचे होते. २००३च्या विद्युत कायद्याने अशी मुभा दिलेली आहे. एकाच भागात दुसरी कंपनी स्वतःचे वीजजाळे उभारून वीज विकू शकते आणि ग्राहकाने कोणाकडून वीज घ्यायची ते ग्राहकच ठरवतो. स्पर्धा आली की सेवा सुधारते, मग कर्मचाऱ्यांनी त्याची भीती का बाळगावी, असा प्रश्न त्या काळात वारंवार विचारला गेला. प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर मात्र भांडुपच्या विजेच्या खांबांपेक्षा महावितरणच्या जमाखर्चात शोधावे लागते.

महावितरणचे ग्राहक मुंबईच्या उपनगरांपासून गडचिरोलीपर्यंत पसरलेले आहेत आणि त्या सर्वांना एका दराने वीज दिली जात नाही. कारखानदार आणि दुकानदार प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त दर भरतात, शेतीपंपाला खर्चापेक्षा कितीतरी कमी दर लागतो आणि मधली तफावत काही प्रमाणात राज्य सरकारच्या अनुदानातून, तर काही प्रमाणात या जास्त दर भरणाऱ्या ग्राहकांच्या खिशातून भरून निघते. या व्यवस्थेला क्रॉस सबसिडी म्हणतात. भांडुप परिमंडळात गळती कमी आहे, वसुली चांगली आहे आणि औद्योगिक व व्यापारी ग्राहक दाटीने आहेत. हाच ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे गेला, तर महावितरणकडे मागे उरतो तो विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशातील लांबलचक वाहिन्यांचा पसारा, जिथे एका पंपापर्यंत वीज पोहोचवायला शेतांमधून खांब रोवत जावे लागते आणि बिल वसूल होईलच याची खात्री नसते. दुभती गाय एकाने न्यायची आणि भाकड जनावरांचा चारापाणी दुसऱ्याने बघायचा, असे हे वाटप असल्याचे कर्मचारी आपल्या सभांमधून सांगत होते.

हा धोका काल्पनिक नव्हता. मुंबईच्या उपनगरांनी तो आधी पाहिला होता. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा अधिकार असल्याचा निकाल दिला. त्यानंतर उपनगरांत तेव्हा वितरण करणाऱ्या रिलायन्सच्या तारांवरूनच टाटाची वीज घेता येऊ लागली आणि ग्राहक इकडून तिकडे वळू लागले. मोठे, भरपूर वीज वापरणारे ग्राहक वेचून नेले जात आहेत आणि लहान ग्राहकांचा भार मागे राहिलेल्या कंपनीवर पडत आहे, ही तक्रार अखेर आयोगापुढे आली. ऑगस्ट २०१२ मध्ये आयोगाने काही काळापुरता असा आदेश दिला, की महिन्याला ३०० युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकांनाच टाटाकडे वळता येईल. स्पर्धा चालू ठेवायची तर ती खालच्या ग्राहकापर्यंत पोहोचली पाहिजे, हे नियामकाला आदेश काढून सांगावे लागले. तिथे दोन्ही बाजूंना खासगी कंपन्या होत्या. एका बाजूला शेतीपंपांचे ओझे वाहणारी सरकारी कंपनी असती, तर हिशेब किती बिघडला असता याची कल्पना सहज करता येते.

[दृश्य: नियंत्रण कक्ष. टेबलावर परमिटचे, म्हणजे लाईनवर काम करण्याच्या परवानगीचे पुस्तक, शेजारी फोन.]

नोकऱ्या वाचवण्याची मागणी आणि सेवा वाचवण्याची मागणी एकच आहे, असे संघटना म्हणतात तेव्हा ऐकणाऱ्याला ते सोयीचे बोलणे वाटते. ते कितपत खरे आहे, हे उपकेंद्रातील या पुस्तकावरून कळते.

अकरा केव्हीच्या वाहिनीवर कुठेतरी जंपर, म्हणजे तारा जोडणारा तुकडा तुटला, तर लाईनमन थेट खांबावर चढत नाही. तो आधी उपकेंद्रातील यंत्रचालकाला फोन करून वाहिनी बंद करून मागतो. यंत्रचालक ब्रेकर उघडतो, वाहिनी वेगळी करतो, काम चालू असल्याची पाटी लावतो, मग परमिट देतो आणि त्याची नोंद या पुस्तकात करतो. जागेवर लाईनमन वाहिनी मृत झाल्याची खात्री करतो, डिस्चार्ज रॉडने ती जमिनीला जोडतो आणि त्यानंतरच वर चढतो. काम संपल्यावर, माणसे खाली उतरली, रॉड काढला, असे त्याने कळवल्याशिवाय वाहिनी पुन्हा चालू होत नाही. सांगायला पाच वाक्ये लागली, पण ही साखळी दोन माणसांच्या परस्परांच्या माहितीवर चालते. कोणत्या खांबावर दोन वेगवेगळ्या वाहिन्या एकत्र आल्या आहेत, कोणत्या कारखान्याचा जनरेटर चुकून उलटा प्रवाह सोडू शकतो, वाहिनी तोडणारा कोणता एबी स्विच वरून बंद दिसतो पण एक पाते चिकटून राहते, हे नकाशात लिहिलेले नसते. त्या भागात वर्षानुवर्षे काम केलेल्या वायरमनच्या डोक्यात ते असते. वर्षाच्या करारावर आलेला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच ठेकेदाराकडे जाणारा कामगार तितकाच मेहनती असू शकतो, मात्र ही माहिती साचायला त्याला वेळच मिळत नाही. लाईनवरच्या अपघातांची चर्चा सहसा हातमोजे आणि सुरक्षापट्ट्यापाशी थांबते. नोकरीच्या स्थैर्याचाही त्या चर्चेत समावेश असायला हवा, असे आम्हाला वाटते.

[दृश्य: गेटसभा, पत्रके, नागपुरातील मोर्चा.]

संपाच्या आधीचे महिने प्रचाराचे होते. कार्यालयांच्या दारांत सभा झाल्या, ठिकठिकाणी पत्रके वाटली गेली आणि डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर मोर्चा गेला. या प्रचारामागे जुनी स्मृती होती. दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पातील वीज महाग पडेल, असे कामगार संघटना नव्वदच्या दशकात सांगत होत्या. सिटू ही कामगार संघटना आणि अभ्यासक अभय मेहता यांनी त्या कराराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिकाही केली होती, ती डिसेंबर १९९६ मध्ये फेटाळली गेली. १९९९ मध्ये प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ च्या मे महिन्यात वीज मंडळाने ती वीज घेणे थांबवले, कारण ती परवडत नव्हती. न्यायालयात हरलेली बाजू हिशेबात बरोबर निघाली, हे जुने कर्मचारी विसरलेले नाहीत. पुढे ६ जून २००५ रोजी १९६० पासूनच्या त्या मंडळाचेच विभाजन झाले आणि आजच्या कंपन्या अस्तित्वात आल्या.

४ जानेवारीला सरकारने मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतील संपाला बंदी घालणाऱ्या कायद्याचा बडगा दाखवला, ठेकेदारांच्या माणसांची आणि निवृत्तांची जुळवाजुळव केली. काही भागांत वीज गेली आणि ती परत यायला वेळ लागला. दुपारी मुंबईत सह्याद्री अतिथीगृहावर उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी संघटनांची बैठक झाली. राज्य सरकारला या कंपन्यांचे खासगीकरण करायचे नाही, उलट पुढील तीन वर्षांत तिन्ही कंपन्यांत ५०,००० कोटी रुपयांची गुंतवणूक करायची आहे आणि समांतर परवान्याच्या अर्जावर सरकार आयोगापुढे आपली बाजू मांडेल, असे त्यांनी सांगितले. बहात्तर तासांचा संप पहिल्याच दिवशी मागे घेतला गेला.

[दृश्य: अंधारातील गल्ली, मेणबत्तीच्या उजेडात दुकान.]

यश मोठे होते, तरी त्यातील अडचण झाकून ठेवता येत नाही. अत्यावश्यक सेवा वाचवण्यासाठी तीच सेवा बंद ठेवावी लागते आणि त्याची पहिली झळ मंत्रालयाला लागत नाही. ती पाण्याच्या टाकीला, दवाखान्याला आणि पिठाच्या गिरणीला लागते. शिवाय ज्या ग्राहकाच्या नावाने हा लढा चालतो, त्याचे महावितरणबद्दलचे मत फारसे बरे नाही. रीडिंग न घेता आलेले सरासरी बिल, जळालेली डीपी बदलून मिळण्यासाठी गावाने काढलेली वर्गणी, उचलला न जाणारा फोन हे सारे त्याने सोसलेले आहे. संघटनांच्या पत्रकांत या तक्रारींना फार थोडी जागा मिळते. ज्याला सार्वजनिक सेवेकडून सेवा मिळालेली नाही, त्याला ती वाचवण्याचे आवाहन पटणे कठीण असते. हे आम्ही संपाच्या विरोधात म्हणत नाही, त्याच्या पूर्ततेसाठी म्हणतो.

खासगी हातांचा अनुभव तरी काय सांगतो? महाराष्ट्रात त्याचे नमुने आहेत. भिवंडीत २००७ पासून टोरंट पॉवर ही खासगी कंपनी फ्रँचायझी म्हणून, म्हणजे महावितरणच्या वतीने ठेक्यावर, वीज वितरण करते. तिथली गळती बरीच खाली आली, हे मान्य करावे लागेल, आणि वाढीव बिलांविरुद्ध तिथे वारंवार आंदोलने झाली, हेही सांगावे लागेल. औरंगाबादचे काम २०११ मध्ये जीटीएलला दिले गेले, थकबाकी वाढली आणि २०१४ मध्ये ते काढून घ्यावे लागले. जळगावचा प्रयोगही काही वर्षांत आटोपला. नागपूरच्या तीन विभागांचे काम एसएनडीएल सांभाळत होती, ते २०१९ मध्ये महावितरणने पुन्हा ताब्यात घेतले. ठेकेदार निघून गेला की रात्रीतून खांबांवर माणसे पाठवायची जबाबदारी सरकारी कंपनीचीच राहते आणि ती माणसे तोपर्यंत नोकरीत टिकलेली असावी लागतात.

[दृश्य: चंदीगड, फेब्रुवारी २०२२. अंधारलेले चौक.]

महाराष्ट्रातील संपाच्या अकरा महिने आधी चंदीगडमध्ये असाच संप झाला होता. तिथले वीज खाते नफ्यात होते, तरी ते विकायला काढले गेले आणि कर्मचारी तीन दिवसांच्या संपावर गेले. शहराचा मोठा भाग अंधारात बुडाला, लष्कराच्या अभियंत्यांना पाचारण करावे लागले, उच्च न्यायालयाने दखल घेतली. लढा पुढेही चालू राहिला, तरी १ फेब्रुवारी २०२५ पासून चंदीगडचे वितरण खासगी कंपनीकडे गेले. तेथील संप अधिक तीव्र होता आणि निकाल उलटा लागला. आमच्या मते फरक आकाराचा आहे. चंदीगड हे एक शहर आहे आणि केंद्रशासित असल्यामुळे तिथल्या वीजदराचा निर्णय कोणत्याही विधानसभेच्या निवडणुकीत मोजला जात नाही. महाराष्ट्रात शेतीपंपाच्या विजेला हात लावण्याची किंमत प्रत्येक आमदाराला ठाऊक असते.

[दृश्य: घराच्या भिंतीवर नवा स्मार्ट मीटर.]

संपानंतर प्रश्नाने रूप बदलले. महावितरणने सुमारे सव्वादोन कोटी स्मार्ट मीटर बसवण्याची कंत्राटे खासगी कंपन्यांना दिली आणि त्यांत अदानी समूहाचाही वाटा होता. या वेळी कामगार संघटना एकट्या नव्हत्या. प्रीपेड मीटरमुळे रीडिंग घेणाऱ्या हजारो हातांचे काम जाईल, असे त्या सांगत होत्या, तर ग्राहक संघटना मीटरच्या खर्चाचा बोजा कोणावर, असे विचारत होत्या. जून २०२४ मध्ये सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड मीटर बसवणार नाही, असे फडणवीस यांनी जाहीर केले. त्यानंतरही नवे मीटर बसतच राहिले. बिल वापरानंतर येते म्हणून ते प्रीपेड नव्हेत, असे स्पष्टीकरण देण्यात आले. सह्याद्रीवरील आश्वासन आणि हे आश्वासन यांतील साम्य कर्मचाऱ्यांच्या नजरेतून सुटलेले नाही. म्हणून आता आयोगाच्या जनसुनावण्यांत हरकती दाखल करण्याकडे त्यांचे लक्ष अधिक असते, कारण तिथे बोललेले कागदावर उतरते आणि आदेशात त्याचे उत्तर द्यावे लागते.

राहिला प्रश्न कंत्राटी कामगारांचा. संघटनांच्या सांगण्यानुसार संपाच्या वेळी तिन्ही कंपन्यांत सुमारे ८६,००० कायम कर्मचारी होते आणि जवळपास ४२,००० कंत्राटी. त्यांना सामावून घेण्याची मागणी २०२३च्या संपाच्या यादीत होती. भरतीत वयाची सवलत देण्यासारखी आश्वासने मिळाली, खासगीकरण न करण्याच्या घोषणेला ठळक मथळे मिळाले आणि संप मिटला. २०२४ मध्ये याच कामगारांना स्वतंत्रपणे संपाची हाक द्यावी लागली.