निवेदन देण्यात आले

(दृश्य : सकाळचे साडेनऊ. तालुक्याच्या गावातलं आमदारांचं जनसंपर्क कार्यालय. दाराशी चपलांचा ढीग, आत प्लास्टिकच्या खुर्च्या.)

गावाचं नाव सांगत नाही. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ आहेत, त्यातल्या कुठल्याही एका मतदारसंघात हे दृश्य सापडेल. साहेब अजून यायचेत. पीए आलाय. चहा एकदा फिरून गेलाय.

खुर्च्यांवर बसलेल्यांच्या हातात जो कागद आहे, त्याला म्हणतात निवेदन. तुम्ही आत्ता ऐकताय त्यालाही निवेदनच म्हणतात. माझं निवेदन कुणी ऐकलं की माझं काम झालं. त्यांच्या निवेदनाला मात्र पोच लागते. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि कुणाची तरी कोंबडीच्या पायासारखी सही.

काय असतं या कागदांत? डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळालीय, बारा दिवस झाले, उभा ऊस वाळतोय. रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नाही. शिक्षक जावयाची बदली हवीय. वडिलांचं ऑपरेशन आहे, मुख्यमंत्री सहायता निधीसाठी पत्र द्या. वाडीजवळच्या ओढ्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, नाही, पावसाळ्यात पोरांची शाळा बुडते.

यातलं एकही काम कायदे करण्याचं नाही. डीपी महावितरणची, रेशनकार्ड तहसीलचं, शिक्षकाची बदली जिल्हा परिषदेची. ज्याला राज्यघटनेने विधिमंडळात बसून कायदे करायला आणि सरकारच्या खर्चावर नजर ठेवायला नेमलं, त्याच्याकडे लोक 'जरा फोन लावा' म्हणून येतात. तोही लावतो. कारण पाच वर्षांनी पारावर जो हिशेब मांडला जातो, त्यात विधेयकं नसतात. आमदार फोन उचलतो का, लग्नाला-दहाव्याला येतो का, हे असतं.

शहरातली शिकलेली मंडळी यावर नाक मुरडतात. मला ते जमत नाही. साहेबाच्या केबिनबाहेर जो तीन-तीन तास ताटकळलाय, त्याच्या लेखी त्या एका फोनची किंमत मोठी आहे. आणि शहरं तरी वेगळी कुठे आहेत? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होता. नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर तुंबलेल्या गटाराची तक्रार कुठे गेली? आमदाराकडेच.

(दृश्य : रांग रस्त्यावर आली आहे.)

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख भरली. तिला २८८ ने भागा : एका आमदारामागे साधारण ३ लाख ९० हजार माणसं. शेजारच्या गोव्यात ४० आमदार आहेत आणि त्याच जनगणनेनुसार एकामागे माणसं येतात साडेछत्तीस हजारांच्या आसपास. गोव्यातला आमदार घराघराला नावाने ओळखू शकतो. आपल्याकडे ते शक्य नाही, म्हणून मध्ये माणसं येतात. गावातला कार्यकर्ता, गटाचा पुढारी, सोसायटीचा चेअरमन, आणि सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात महत्त्वाचा, पीए. कुठला कागद वर ठेवायचा आणि कुठला खाली, हे त्याच्या हातात.

आता आपण एकच कागद धरू. साकवाचा.

त्याचं तीन प्रकारे काही होऊ शकतं. पहिला प्रकार रोजचा. समासात तिरकी ओळ पडते, 'योग्य ती कार्यवाही करावी', आणि कागद जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे जातो. तिथे त्याची आवक नोंद होते. पुढचं त्या विभागाचं नशीब.

दुसरा प्रकार आमदार निधी. वर्षाला ५ कोटी रुपये. आकडा मोठा वाटतो, पण मतदारसंघात शंभर गावं असतील तर गावाला पाच लाख. त्यात साकव होत नाही; सभामंडप होतो, पेव्हर ब्लॉक होतात, चौकात हायमास्ट दिवा लागतो. आणि आमदार फक्त काम सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देतं. फलकावर मात्र 'यांच्या निधीतून' असं मोठ्या अक्षरात येतं. जणू साहेबांनी घरचं धान्य विकून दिवा लावला.

तिसरा प्रकार खुर्च्यांवरच्या फार थोड्यांना ठाऊक असतो. तो म्हणजे सभागृह.

(दृश्य : मुंबई, विधान भवन. प्रश्नांच्या छापील याद्या.)

साकवाचा प्रश्न विधानसभेत जायचा तर त्याला भाषा बदलावी लागते. ती भाषा ठरलेली आहे. माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय? एक, अमुक तालुक्यातील अमुक वाडीस साकव नसल्याने विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? दोन, असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? तीन, असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे? चार, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

आईच्या कडेवर बसून ओढा ओलांडणारं पोर या चार उपप्रश्नांत कुठे दिसत नाही. पण या कोरड्या भाषेत जोर आहे. प्रश्नावर तारा लागला की मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं, आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. त्या उत्तरासाठी मंत्रालयातून जिल्ह्याला विचारणा होते, जिल्ह्यातून तालुक्याला. ज्या टेबलावर साकवाचा कागद धूळ खात पडला होता, तिथे एकदम फोन वाजू लागतात. कधी कधी उत्तर मुंबईत छापून व्हायच्या आत मोजणीला माणूस वाडीवर पोचतो.

कधी उत्तर येतं : 'हे अंशतः खरे आहे.' कधी येतं : 'हे खरे नाही', आणि पुढच्या तिन्ही उपप्रश्नांसमोर एकच शेरा, 'प्रश्न उद्भवत नाही'. ओढा तिथेच असतो, फक्त प्रश्न उद्भवत नाही. आणि मंत्री बोलण्याच्या ओघात 'करू' म्हणाले, तर त्याचं आश्वासन होतं. दिलेली आश्वासनं पाळली का, हे तपासायला विधिमंडळाची खास आश्वासन समिती आहे. नागरिकांचे अर्ज थेट सभागृहापुढे आणणारी विनंती अर्ज समितीही आहे. अर्जावर सदस्याची सही तेवढी लागते. खुर्च्यांवरच्या किती जणांना हे कुणी सांगितलं असेल?

(दृश्य : महाड. चवदार तळं, पायऱ्या, संध्याकाळ.)

सभागृहात मंजूर झालं म्हणजे गावात झालं, असं मात्र समजू नये. त्यासाठी शंभर वर्षं मागे जाऊ.

४ ऑगस्ट १९२३. मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला : सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या समाजाला खुले करावेत. ठराव मंजूर झाला. सरकारने आदेश काढला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातली तळी खुली असल्याचं ठरवलं. कागदावर तिन्ही पायऱ्या पूर्ण झाल्या. आणि तळ्याचं पाणी? तिथे जनावरं पीत होती, पण दलित माणसाने ओंजळ भरायची सोय नव्हती.

बोल्यांनी १९२६ मध्ये दुसरा ठराव आणला : जी मंडळं हा ठराव पाळणार नाहीत, त्यांचं सरकारी अनुदान थांबवा. आपण मांडलेल्या ठरावाचं पुढे काय झालं, हे विचारायला तीन वर्षांनी परत उभा राहिलेला हा प्रतिनिधी मला फार महत्त्वाचा वाटतो. तरीही शेवटी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन तळ्यावर चालत जावं लागलं. त्यानंतर दगड आले, लाठ्या आल्या, कोर्टाचा मनाई हुकूम आला. उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो मार्च १९३७ मध्ये. एका मंजूर ठरावाचं पाणी ओंजळीत यायला चौदा वर्षं.

त्याच वर्षी, सप्टेंबर १९३७ मध्ये, आंबेडकरांनी आमदार म्हणून खोती पद्धत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताची कुळांवरची सत्ता, मोडण्याचं विधेयक मांडलं. कोकणातल्या कुळाला हे समजावून सांगायला नको. खोताच्या खळ्यावर धान्य कसं मोजलं जायचं, हे घराघरात सांगितलं गेलंय. विधेयक अडलं. मग १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी हजारोंनी मुंबईत उतरले आणि मोर्चा निघाला. विधेयक मांडणाराच मोर्चाच्या पुढे. आत कागद, बाहेर माणसं. त्या विधेयकाचा कायदा नाहीच झाला. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

(दृश्य : सांगोला, सोलापूर जिल्हा. डाळिंबाच्या बागा, एसटी स्टँड.)

या प्रतिनिधीवर खरा ताबा कुणाचा? मतदाराचा, असं आपण धरून चालतो.

सांगोल्याने गणपतराव देशमुखांना अकरा वेळा निवडून दिलं. शेतकरी कामगार पक्ष, दुष्काळी तालुका, पहिली निवडणूक १९६२ ची. मध्ये १९७२ आणि १९९५ ला याच मतदारांनी त्यांना घरीही बसवलं. आमदार असून ते एसटीने जायचे. राज्यात पक्ष आटत गेला, पण सांगोल्यात माणूस टिकला. २०२१ मध्ये ते गेले.

त्यानंतर वर्षभराच्या आत, जून २०२२ मध्ये, सांगोल्याचे तेव्हाचे आमदार शहाजीबापू पाटील शिवसेनेच्या बंडखोर आमदारांसोबत गुवाहाटीच्या हॉटेलात होते, आणि 'काय झाडी, काय डोंगार, काय हाटील' हा त्यांचा फोनवरचा संवाद अख्ख्या महाराष्ट्राच्या मोबाइलवर वाजत होता. आपण हसलो. मीही हसलो. पण त्या हॉटेलात फक्त आमदार नव्हते, त्यांच्या मागे लाखो मतं होती, आणि ती मतं देणाऱ्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

कायदाही विचारत नाही. १९८५ पासून घटनेत पक्षांतरबंदीची दहावी अनुसूची आहे. सभागृहात मत देताना पक्षाचा आदेश मोडला, तर आमदारकी जाऊ शकते. त्यामुळे विधेयकावर हात वर करताना आमदार प्रतोदाकडे, म्हणजे पक्षाचा आदेश बजावणाऱ्याकडे, बघतो. मतदारसंघाकडे बघून चालत नाही. पक्षच फुटला तर खरा पक्ष कुणाचा, यावर अध्यक्ष, निवडणूक आयोग आणि सर्वोच्च न्यायालय बोलतात. शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीवर न्यायालयाचा निकाल मे २०२३ मध्ये आला, अध्यक्षांचा जानेवारी २०२४ मध्ये. दोन्ही गटांचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. या सगळ्या कागदपत्रांत मतदार हा पक्षकार नव्हता. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आला तर तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानाला जातो. आमदाराच्या बाबतीत तशी सोय नाही, पुढच्या निवडणुकीची वाट बघावी लागते. सांगोल्याने ती बघितली. २०२४ ला तिथून शेकापचे बाबासाहेब देशमुख निवडून आले. ते गणपतरावांचे नातू.

(दृश्य : नागपूर. सीताबर्डीचा उड्डाणपूल.)

१९५३ च्या नागपूर कराराने ठरलं की विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपूरला व्हावं. राजधानी गमावणाऱ्या विदर्भाला दिलेला तो शब्द होता. आमदार येतात म्हणून मोर्चे येतात. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शिक्षक, धानाला बोनस मागणारे शेतकरी. यशवंत स्टेडियमवरून निघायचं, पोलिसांनी बॅरिकेड लावलेल्या पॉइंटवर बसायचं, घोषणा द्यायच्या. मग पाच जणांचं शिष्टमंडळ आत जातं.

२३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाज असाच येऊन बसला होता. गुरं राखणारी माणसं, बायका, कडेवर मुलं. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. मंत्र्यांनी बाहेर येऊन आपलं निवेदन घ्यावं, एवढी त्या दिवसापुरती अपेक्षा. दिवस कलला तरी कुणी आलं नाही. संध्याकाळी गर्दी हलली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली. ११४ माणसं मेली, त्यात बायका आणि मुलं फार.

आदिवासी विकास मंत्र्यांनी राजीनामा दिला. राज्याच्या हातात होतं तेवढं, म्हणजे विशेष मागास प्रवर्गाचं आरक्षण, पुढे मिळालं. पण जमातींच्या यादीत 'गोंड गोवारी' लिहिलेलं आहे, आणि ती यादी बदलायचा अधिकार विधानसभेला नाही, संसदेला आहे. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. म्हणजे १९९४ ला ज्या दारात ते बसले होते, त्या दाराच्या आत कुणी हो म्हटलं असतं, तरी तेवढ्याने यादी बदलली नसती. बाहेर येऊन कागद तेवढा घेता आला असता.

उड्डाणपुलाला आता आदिवासी गोवारी शहीदांचं नाव आहे. झिरो माइलजवळ स्मारक आहे, २३ नोव्हेंबरला तिथे माणसं येतात. डिसेंबरात अधिवेशन भरतं. बॅरिकेड लागतात, शिष्टमंडळ आत जातं, मंत्री उभ्या उभ्या कागद हातात घेतात, फोटो निघतो. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात, आतल्या पानावर, बातमीची शेवटची ओळ असते : शिष्टमंडळातर्फे मंत्रिमहोदयांना निवेदन देण्यात आले.