पूल पडल्यावर आपण काय विचारतो

(दृश्य : महाड. पावसाळ्यातलं सावित्रीचं पात्र. नव्या पुलावरून जाणारी एसटी.)

२ ऑगस्ट २०१६, मंगळवारची रात्र. महाडला पाऊस कोसळत होता आणि सावित्री दुथडी भरून वाहत होती. मुंबई-गोवा महामार्गावरचा दगडी कमानींचा जुना पूल, १९२८ साली बांधलेला, त्या रात्री पुरात गेला. वीज नाही, वर धो धो पाऊस. रस्ता पुढे संपलाय हे गाडीच्या उजेडात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असणार. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि एक तवेरा नदीत गेली. सुमारे ४० माणसं गेली.

पुढचे कितीतरी दिवस नातेवाईक काठावर उभे होते. एनडीआरएफ, नौदल, तटरक्षक दल, स्थानिक मच्छीमार सगळे पाण्यात उतरले होते. क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून गढूळ पाण्यात एसटी शोधली जात होती. काही मृतदेह खाडीतून वाहत पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेले होते. कोकणातल्या ज्या घरांमध्ये मुंबईला जाणारी रातराणी म्हणजे रोजची गोष्ट, तिथे त्या आठवड्यात गाडी नंबर विचारत फोन फिरत होते.

(दृश्य : जुन्या पुलाची संग्रहित छायाचित्रं. कमानी, कठडे, सांध्यातून उगवलेली झुडपं.)

मग लोक बोलायला लागले. टपरीवर, एसटीत, फोनवर एकच वाक्य ऐकू यायचं : इंग्रजांनी बांधला म्हणून ८८ वर्षं टिकला, आपल्यांनी बांधलेला आठ वर्षंही टिकत नाही. त्याच्या जोडीला एक गोष्टही सांगितली जायची. विलायतेतल्या मूळ कंपनीने म्हणे पत्र पाठवलं होतं, की तुमच्या पुलाचं आयुष्य संपलंय, आता वापरू नका. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या पुलांबद्दल सांगतात. ती खरी आहे का हे बाजूला ठेवू. ती सांगाविशी वाटते, हेच फार दुखरं आहे. आपल्या पुलाची काळजी सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या कचेरीत कुणीतरी करत असेल यावर लोकांचा विश्वास बसतो. तालुक्याच्या ठिकाणच्या कचेरीवर बसत नाही.

सरकारचं उत्तर काय होतं? मे २०१६ मध्ये या पुलाची पाहणी झाली होती आणि त्यात धोका आढळला नव्हता. म्हणजे पाहणी मे महिन्यात आणि पूल ऑगस्टमध्ये नदीत. या उत्तराने राग आणखी भडकला, आणि ते रास्तच होतं. पण त्या रागातून जो प्रश्न निघायला हवा होता, तो फारसा कुणी विचारला नाही : पाहणी म्हणजे नेमकं काय पाहिलं?

(दृश्य : नदीपात्र, कॅमेरा पाण्याच्या पातळीवर. पुलाचा खांब आणि त्याभोवती फिरणारा भोवरा.)

पूल वरून पाहिला तर डांबर दिसतं, कठडा दिसतो, फार तर खड्डे दिसतात. पूल जिथे मरतो ती जागा बहुतेक वेळा पाण्याखाली असते. पुराचं पाणी खांबाला आपटतं, खाली वळतं आणि खांबाच्या पायथ्याशी गोल फिरू लागतं. त्या फिरण्यात पायाभोवतीची वाळू, गोटे, माती उकरली जाते. पूर ओसरला की गाळ येऊन तो खड्डा पुन्हा भरतो. वरून पाहणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसतं, पण भरलेला गाळ सैल असतो आणि पुढच्या पुरात तो पहिल्यांदा निघून जातो. त्यामुळे उन्हाळ्यात कोरड्या पात्रात उभं राहून पुलाकडे बघितलं, तर पायाखाली काय चाललंय हे कळेलच असं नाही. त्यासाठी पात्राची खोली मोजावी लागते, ती मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहावी लागते, बारमाही पाणी असेल तर पाणबुडे उतरवावे लागतात.

बाकीच्या गोष्टी डोळ्यांना दिसतात, फक्त कुणीतरी वाकून बघायला हवं. दगडी बांधकामाच्या सांध्यात पिंपळाचं रोप उगवतं. आज ते बोटभर असतं, हाताने उपटता येतं. दहा वर्षांनी त्याची मुळं दगड सरकवतात. पुलावरचं पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या पन्हळी मातीने बुजतात, पाणी साचतं, काँक्रीटमध्ये झिरपतं, आतली सळई गंजते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटू लागतात. खांब आणि वरचा भाग यांच्यामध्ये बेअरिंग असतात, उन्हातान्हात पुलाला थोडं हलू देणारी. ती अडकली की तो ताण दुसरीकडे कुठेतरी जातो. यातल्या कुठल्याच कामाचं उद्घाटन होत नाही. पन्हळ साफ केली म्हणून कुणी नारळ फोडत नाही. दुरुस्तीचा पैसा सगळ्यात आधी कापला जातो, त्याला हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये तो सुरू झाला. काम करणाऱ्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पावसाळ्याआधी पूल देणं सोपं नव्हतं. पण त्या १६५ दिवसांनी एक गोष्ट उघडी पाडली. पैसा होता, तंत्र होतं, माणसं होती. त्या रात्रीच्या आधीही होती.

(दृश्य : पोर्तुगाल, दौरू नदी. संग्रहित छायाचित्रं.)

४ मार्च २००१. पोर्तुगालमध्ये दौरू नदीवरचा जुना पूल रात्री कोसळला. एक बस आणि तीन मोटारी नदीत गेल्या, ५९ जणांचा मृत्यू झाला. कोकणातल्या माणसाला हे वाचताना पोटात खड्डा पडेल, इतकं ते सावित्रीसारखं आहे. नदीला पूर, रात्रीची वेळ, बस, समुद्रापर्यंत वाहून गेलेले मृतदेह. तपासात कारण पुढे आलं ते खांबाच्या पायाखालची वाळू गेल्याचं, आणि त्याला हातभार होता नदीत वर्षानुवर्षं चाललेल्या वाळूउपशाचा.

त्याच रात्री तिथले मंत्री जॉर्ज कोएल्यू यांनी राजीनामा दिला. आपल्याकडे हे उदाहरण नेहमी इथवरच सांगतात. पुढचंही सांगायला हवं. खटला चालला, आरोपी अभियंते होते, आणि २००६ मध्ये सगळे निर्दोष सुटले. मंत्र्याने खुर्ची सोडली, पण वाळू गेली तेव्हा ती कुणी मोजायची होती, याचा निवाडा कोर्टातून लागला नाही.

आपल्या नद्यांमध्ये रात्री वाळू उपसणाऱ्या बोटी ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

(दृश्य : मुंबई. परळ परिसर, सकाळची गर्दी.)

आता रागाबद्दल. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्थानकांना जोडणाऱ्या अरुंद पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण दगावले. पूल पडला नव्हता, तो फक्त गर्दीला पुरत नव्हता. गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या, लाखो माणसं त्या भागात नोकरीला येऊ लागली आणि जिना तेवढाच राहिला. प्रवासी आधीपासून तक्रारी करत होते, हा पूल एक दिवस जीव घेणार असं लिहीत होते.

५ ऑक्टोबरला मुंबईत संताप मोर्चा निघाला. संताप खरा होता. पण मोर्चात मुदत दिली गेली ती रेल्वे पुलांवरच्या आणि स्थानकांबाहेरच्या फेरीवाल्यांना हटवण्यासाठी, आणि काही दिवसांनी टोपल्या उधळल्या गेल्या त्या त्यांच्याच. जिना रुंद करण्याचा निर्णय जिथे अडला होता, ती फाईल कुणाच्या टेबलावर होती, हे नाव रस्त्यावर घोषणेत आलं नाही. राग जवळच्या, हाताशी सापडणाऱ्या माणसावर निघाला. नंतर लष्कराला बोलावून नवा पादचारी पूल बांधून घेतला गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. इथेही काही महिन्यांतच.

(दृश्य : छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरचा रस्ता, संध्याकाळ.)

३ जुलै २०१८ ला अंधेरीच्या गोखले पुलाचा पदपथाचा भाग रेल्वेरुळांवर कोसळला. त्यानंतर मुंबईत पूल तपासण्याची मोहीम निघाली. रेल्वेने ४४५ पुलांची तपासणी जाहीर केली. लोकांना वाटलं, चला, आता कुणीतरी बघतंय.

आठ महिन्यांनी, १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी, सीएसएमटीजवळचा हिमालय पूल खाली आला. पहिल्याच दिवशी ६ मृत्यू, ३० हून अधिक जखमी. पहिले काही तास हा पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावरच बोलणी चालली होती. मग कळलं की या पुलाचं संरचनात्मक परीक्षण झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती करून तो वापरता येईल असा शेरा त्यात होता.

या घटनेचा राग मला सगळ्यात जास्त येतो. सावित्रीच्या वेळी निदान म्हणता आलं असतं, की पाहणी झाली पण नीट परीक्षणाची यंत्रणा नव्हती. इथे मागणी मान्य झाली होती, परीक्षण झालं होतं, त्याचे पैसे दिले गेले होते, कागदावर सही-शिक्का होता, आणि त्या कागदाने माणसांना पुलावर पाठवलं. गुन्हा दाखल झाला, अटका झाल्या. पण तो अहवाल पूल पडायच्या आधी सगळ्यांना वाचायला मिळाला असता, तर एखाद्या दुसऱ्या अभियंत्याने, एखाद्या पत्रकाराने, रोज तिथून जाणाऱ्या एखाद्या माणसाने विचारलं असतं, की तुम्ही वरचा थर खरवडून खालचं लोखंड पाहिलं का?

(दृश्य : मावळ. इंद्रायणीचा काठ, कुंडमळा.)

१५ जून २०२५, रविवार. पहिला पाऊस, नदी पाहायला आलेली गर्दी. कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळला, ४ जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचं माहीत होतं. इशाऱ्याचा फलक होता. नव्या पुलासाठी निधी मंजूर झालेला होता.

त्या संध्याकाळी समाजमाध्यमांवर सगळ्यात जास्त काय लिहिलं गेलं? फलक लावूनही लोक गेलेच कशाला. सेल्फीचा सोस. मेलेल्यांची अजून ओळख पटलेली नव्हती आणि त्यांच्यावर निकाल लागला होता. गर्दीचं चुकलं नाही असं मी म्हणत नाही. पण तो पूल पलीकडच्या गावातल्या लोकांचा, शेतकऱ्यांचा रोजचा रस्ताही होता. धोक्याचा फलक रोवून वाट उघडी ठेवणं म्हणजे जबाबदारी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळं होणं. पूल खरंच धोकादायक ठरला असेल, तर दोन्ही टोकांना भिंत घालायला किती खर्च येतो?

महिनाही उलटला नव्हता, तेव्हा ९ जुलैला गुजरातेत महीसागर नदीवरचा गंभीरा पूल तुटला. तिथल्या रहिवाशांनीही आधी तक्रारी केल्या होत्या. तुटलेल्या टोकाशी अडकलेल्या टँकरचं छायाचित्र देशभर पोहोचलं. अभियंते निलंबित झाले. त्याच राज्यात २०२२ मध्ये मोरबीचा झुलता पूल दुरुस्तीनंतर उघडल्यावर चौथ्या दिवशी पडला होता आणि १३५ जणांचा जीव गेला होता.

(दृश्य : ओहायो नदी, सिल्व्हर ब्रिजची जुनी छायाचित्रं.)

सावित्रीचा पूल १९२८ चा. त्याच वर्षी अमेरिकेत ओहायो नदीवर सिल्व्हर ब्रिज उघडला होता. १५ डिसेंबर १९६७ ला, नाताळच्या खरेदीची गर्दी असताना, तो कोसळला आणि ४६ जण गेले. कारण सापडलं एका लोखंडी दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर. तोवर त्या देशात पुलांची ठरावीक मुदतीने तपासणी करण्याचा सर्वत्र लागू असा नियमच नव्हता. लोकांच्या संतापानंतर १९६८ मध्ये कायदा झाला, १९७१ मध्ये राष्ट्रीय निकष आले. साधारण दर दोन वर्षांनी तपासणी, आणि प्रत्येक पुलाची नोंद कुणालाही पाहता येईल अशी. तिथेही त्यानंतर पूल पडले. २००७ मध्ये मिनियापोलिसचा पडला, १३ जण गेले. पण आपला पूल कोणत्या स्थितीत आहे हे विचारायला तिथल्या माणसाला अपघाताची वाट पाहावी लागत नाही.

आपल्याकडे सावित्रीनंतर, ऑक्टोबर २०१६ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवरच्या पुलांची नोंदणी सुरू झाली. १ लाख ७२ हजारांहून जास्त पूल आणि मोऱ्या त्यात आल्या, प्रत्येकाला क्रमांक मिळाला. हे मोठं काम आहे. पण कुंडमळ्यासारखा पादचारी पूल, जिल्हा परिषदेच्या रस्त्यावरचा साकव, नगरपालिकेच्या नाल्यावरचा पूल राष्ट्रीय महामार्गावर नसतो.

(दृश्य : तहसील कचेरीबाहेरचा टंकलेखक. कागदावर उमटणारी अक्षरं.)

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये करतात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, उत्तराला ३० दिवस. रोजच्या वाटेवरच्या पुलासाठी त्यात एवढं लिहिता येतं : हा पूल कोणाच्या ताब्यात आहे. शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली. पायाजवळच्या पात्राची खोली मोजली का, असल्यास मागील तीन वर्षांचे आकडे. अहवालात सुचवलेल्या दुरुस्त्यांपैकी कोणत्या झाल्या, कोणत्या बाकी आहेत. अहवालाची प्रत, तपासणाऱ्याच्या सहीसह.